ही ओळ कोणी बदलली, आणि का?

जमिनीचा सातबारा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. गाव नमुना सातवर खातेदाराचे नाव असते, क्षेत्र असते आणि नावाशेजारी एक क्रमांक असतो. तलाठ्यांनी हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर तो वर्तुळात घातलेला दिसे. हा फेरफार क्रमांक. आजोबांच्या नावाला कंस होऊन त्याखाली वडिलांचे आणि काकांचे नाव आले, तर ते का आले हे सातबारा सांगत नाही. तो फक्त एक आकडा दाखवतो. मग गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडायची. तिथे त्या आकड्यासमोर सारी हकीकत असते: खातेदार कधी मयत झाला, वारस कोण, अर्ज कोणी दिला, नोंद कोणी प्रमाणित केली.

एक वही 'आज काय आहे' ते सांगते आणि दुसरी 'असे का झाले' ते सांगते. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे वर्तुळातला आकडा. तो आकडा चुकला किंवा लिहायचा राहिला, तर दोन्ही वह्या शाबूत असूनही वारसांना वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांच्या जगातही अशाच दोन वह्या असतात. आपल्या मोबाइलमध्ये किंवा शाळेच्या संगणकात चालणारी मोठी आज्ञावली लाखो ओळींची असते. ती एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नसते. शेकडो माणसे वर्षानुवर्षे तिच्यात भर घालतात आणि दुरुस्त्या करतात. या ओळी जिथे ठेवल्या जातात ते त्यांचे भांडार. आज गिटहब, गिटलॅब अशा संस्थळांवर अशी असंख्य भांडारे आहेत. ही झाली पहिली वही. दुसरी वही म्हणजे 'इश्यू ट्रॅकर'. आज्ञावली वापरताना कोणाला दोष आढळला, कोणाला एखादी सोय हवीशी वाटली, की तो तिथे नोंदवतो. त्या नोंदीला क्रमांक मिळतो आणि तिच्याखाली चर्चा होते. या दुसऱ्या वहीला आपण 'तक्रारवही' म्हणू. नाव थोडे कडक आहे, कारण तिच्यात सूचनाही असतात. पण ते समजायला सोपे आहे.

आज्ञावलीत कोणताही बदल करताना बदल करणारा त्याची एक नोंद भांडारात करतो. तिला 'कमिट' म्हणतात. नोंदीत नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या ते असते, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ असते, आणि एक छोटा संदेश असतो. शासकीय पत्राच्या वरच्या भागात 'संदर्भ: आपले पत्र क्रमांक अमुक' अशी ओळ असते ना, तेच काम हा संदेश करू शकतो. त्यात तक्रारवहीतला क्रमांक लिहिला की दोन वह्या जोडल्या गेल्या. बाकी सारी यंत्रणा या एका आकड्याभोवती उभी आहे.

ही सगळी कारकुनी कशासाठी, असा प्रश्न पडेल. त्यासाठी एक खरी घटना पाहू.

दोन सारख्या ओळी

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली, जगभर वापरली जाणारी संगणक प्रणाली. तिच्यात ओपनएसएसएल नावाचा आज्ञावल्यांचा संच असतो. संगणकांमधली गुप्त बोलणी सुरक्षित ठेवण्यासाठी ज्या संख्यारूपी किल्ल्या लागतात, त्या तयार करायला हा संच मदत करतो. किल्ली चांगली व्हायची तर ती कोणालाही अंदाज बांधता येणार नाही अशा यादृच्छिक संख्यांपासून बनली पाहिजे. म्हणून ओपनएसएसएल संगणकात घडणाऱ्या अनेक अनिश्चित गोष्टींची एक 'खिचडी' करत राहते आणि तिच्यातून संख्या काढते.

एप्रिल २००६ मध्ये डेबियनच्या तक्रारवहीत ३६३५१६ क्रमांकाची तक्रार आली. आज्ञावल्यांतील स्मृतीच्या चुका शोधणारे व्हॅलग्राइंड नावाचे एक साधन आहे. ओपनएसएसएलचा वापर करणाऱ्या आज्ञावल्या त्यातून तपासल्या की ते सारखे इशारे देते, अशी ती तक्रार होती. कारणही सापडले. ओपनएसएसएल खिचडीत कधीकधी स्मृतीचा असा तुकडाही टाकत असे, ज्यात आधी काहीच मुद्दाम भरलेले नाही. तिथे जो काही कचरा पडलेला असेल त्याने खिचडी थोडी आणखी अनिश्चित होते, इतकाच हेतू. व्हॅलग्राइंडच्या दृष्टीने मात्र न भरलेली स्मृती वाचणे ही चूक.

कोडमध्ये दोन ठिकाणी अगदी सारखी दिसणारी ओळ होती. एक ओळ त्या कचऱ्याची भर घालत होती. ती गेली असती तर फारसे बिघडले नसते. दुसरी ओळ मात्र सगळ्या खऱ्या अनिश्चित गोष्टी खिचडीत टाकणारी होती. डेबियनमध्ये दोन्ही ओळी बंद करण्यात आल्या. इशारे थांबले. बदलांच्या यादीत '३६३५१६ ही तक्रार बंद' अशा अर्थाची ओळ नियमाप्रमाणे लिहिली गेली.

आता खिचडीत उरले होते काय? ज्या प्रक्रियेतून किल्ली बनते तिचा संगणकाने दिलेला क्रमांक, जवळपास तेवढेच. हा क्रमांक त्या काळी जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत जाई. संभाव्य किल्ल्यांची संख्या शेकडो अंकी असायला हवी, ती संगणकाच्या एका जातीसाठी आणि किल्लीच्या एका लांबीसाठी सुमारे तेहतीस हजारांवर आली. तेवढ्या किल्ल्या आधीच तयार करून एकेक लावून पाहणे साध्या संगणकालाही जड नाही. ही गोष्ट लुसियानो बेल्लो यांच्या लक्षात आली आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर इशारा दिला. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूलाही त्याची झळ लागली. त्या काळात या प्रणालींवर बनवलेल्या किल्ल्या जगभरच्या संगणकचालकांना शोधून फेकून द्याव्या लागल्या. किल्ली दुसऱ्या प्रणालीवर नेऊन वापरली असली तरी ती तितकीच कच्ची, त्यामुळे शोध आणखी अवघड झाला.

या घटनेतून आपल्या विषयाचे दोन पैलू दिसतात. दोष कळल्यावर तो का शिरला हे शोधायला वेळ लागला नाही. बंद केलेल्या ओळीवरून बदलाच्या नोंदीकडे, नोंदीतल्या आकड्यावरून तक्रारीकडे आणि तक्रारीखालच्या चर्चेकडे कोणालाही जाता आले. कट होता की चूक, या प्रश्नाचे उत्तर वाचून ठरवता आले. धागा नसता तर इतक्या गंभीर प्रसंगी संशयाला मोकळे रान मिळाले असते.

दुसरा पैलू वेगळा आहे. हा बदल डेबियनच्या भांडारात होता. ओपनएसएसएलच्या मूळ भांडारात तो गेलाच नाही. डेबियनच्या बाजूने मूळ लेखकांना पत्राने विचारणा झाली होती, पण प्रत्यक्ष बदल त्यांच्या वहीत तपासणीसाठी आला नाही. धागा एका घरातल्या दोन वह्यांमध्ये होता, दोन घरांमध्ये नव्हता. दोन्ही ओळींचे वेगवेगळे काम ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या डोळ्यांसमोरून तो गेला असता तर काय झाले असते याचा अंदाज वाचकच करू शकतील. क्रमांक जोडणे म्हणजे तपासणी करणे नव्हे, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. क्रमांक फक्त तपासणाऱ्याला वाट दाखवतो.

मागाहून क्रमांक घालता येत नाही

शाळेच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक लिहायचा राहिला तर मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी तो घालून सही करतात. भांडारातल्या नोंदीत असे का करता येत नाही? इथे थोडे गणित आहे आणि ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे.

आज बहुतेक भांडारे 'गिट' नावाच्या पद्धतीने ठेवली जातात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्ससाठी तयार केली. गिटमध्ये नोंदींना १, २, ३ असे क्रमांक नसतात. प्रत्येक नोंदीची एक खूण असते, आणि ती नोंदीच्या मजकुरावरूनच गणिताने काढलेली असते. त्यासाठी प्रामुख्याने शा-१ ही कृती वापरली जाते. तिच्यात कितीही मोठा मजकूर घातला तरी १६० बिटांचे, म्हणजे सोळाच्या पायात लिहिल्यास ४० अंकांचे, उत्तर येते. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी उत्तर पार बदलते. आणि महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक नोंदीच्या मजकुरात तिच्या आधीच्या नोंदीची खूणही घातलेली असते.

याचा परिणाम समजण्यासाठी एक खेळ करू. फळ्यावर तीन वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्याची खूण अशी काढा: वाक्यातील अक्षरांची संख्या गुणिले ७, अधिक आधीच्या वाक्याची खूण गुणिले ३, या बेरजेला ९७ ने भागून उरणारी बाकी म्हणजे खूण. पहिल्या वाक्याआधी काही नाही, म्हणून तिथे आधीची खूण शून्य धरा. समजा वाक्यांत अनुक्रमे २०, १५ आणि ३२ अक्षरे आहेत. पहिल्याची खूण १४० भागिले ९७ ची बाकी, म्हणजे ४३. दुसऱ्याची १०५ अधिक १२९, म्हणजे २३४ ची बाकी ४०. तिसऱ्याची २२४ अधिक १२०, म्हणजे ३४४ ची बाकी ५३.

आता पहिल्या वाक्यात राहून गेलेला संदर्भ क्रमांक घाला. समजा त्यामुळे चार अक्षरे वाढून २४ झाली. पहिली खूण ७१ होते. दुसऱ्या वाक्याला आपण हातही लावलेला नाही, तरी त्याची खूण २७ होते आणि तिसऱ्याची १४. ४३, ४०, ५३ च्या जागी ७१, २७, १४. ज्याने कोणी आपल्या वहीत जुनी खूण उतरवून घेतली असेल त्याच्या लेखी ही तिन्ही वाक्ये आता अनोळखी झाली. हुशार विद्यार्थ्यांना विचारा की ९७ ऐवजी ९ ने भागले असते तर काय झाले असते. उत्तर शोधताना मूळ संख्येची निवड का केली हे त्यांना आपोआप उमगेल.

आपला खेळ अगदी कच्चा आहे. अक्षरे मागेपुढे केली तरी त्याला कळत नाही. शा-१ तसे फसत नाही. एकच खूण देणारे दोन वेगळे मजकूर २०१७ साली ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांच्या संशोधकांनी प्रचंड गणन करून तयार केले, आणि त्यानंतर गिटमध्ये अशा मजकुरांना ओळखणारी काळजी घेतली गेली. आपल्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.

मुद्दा असा: दहा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत विसरलेला क्रमांक घालायचा तर तिच्यानंतरच्या हजारो नोंदींच्या खुणा बदलतात. सार्वजनिक भांडाराच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात, त्या सगळ्या एका फटक्यात बेमेळ होतात. म्हणून कोणी ते करत नाही. धागा ओवायचा तर बदल भांडारात शिरण्यापूर्वीच ओवला पाहिजे. पुढची सारी यंत्रणा या सक्तीतून आली आहे.

निरोप कसा पोचतो

एका वहीत काही घडले हे दुसऱ्या वहीला कळवायचे कसे? एक मार्ग म्हणजे दुसऱ्या वहीने दर पाच मिनिटांनी विचारत राहायचे. निकालाच्या दिवसांत पालक शाळेत तासातासाला फोन करतात, तसे. बहुतेक वेळा उत्तर 'अजून नाही' असते आणि दोघांचाही वेळ जातो. दुसरा मार्ग म्हणजे शाळेने फोन क्रमांक लिहून घ्यायचे आणि निकाल लागला की स्वतः कळवायचे. दुसऱ्या मार्गाला या क्षेत्रात 'वेबहुक' म्हणतात. तक्रारवहीचा इंटरनेटवरचा पत्ता भांडाराला आधी देऊन ठेवायचा. नवा बदल आला, कोणी बदलाचा प्रस्ताव मांडला, तो मंजूर झाला, की भांडार त्या पत्त्यावर एक ठरावीक स्वरूपाचा निरोप धाडते.

पण पत्ता उघडा असला की तिथे कोणीही निरोप टाकू शकतो. 'तक्रार क्रमांक अमुक निकालात निघाली' असा खोटा निरोप आला तर? म्हणून दोन्ही बाजू एक गुप्त शब्द ठरवून घेतात. भांडार निरोप आणि तो गुप्त शब्द एका विशिष्ट कृतीने एकत्र कालवून त्याची खूण काढते आणि निरोपासोबत पाठवते. गुप्त शब्द स्वतः पाठवला जात नाही. तक्रारवही तीच कृती आपल्याकडे करते आणि दोन खुणा जुळल्या तरच निरोप खरा मानते. आपण नुकताच केलेला बाकीचा खेळ इथेही कामाला येतो, फक्त कृती कितीतरी पक्की, आणि इथे ती शा-२५६ ही असते.

निरोप हरवण्याचीही शक्यता असते. गिटहबचा नियम असा की निरोप मिळाल्याची पोच दहा सेकंदांत आली पाहिजे. नाही आली तर तो निरोप फसला असे धरले जाते आणि आपणहून पुन्हा पाठवला जात नाही. त्यामुळे शहाणी तक्रारवही आधी पोच देते आणि काम नंतर करते, अगदी आवक लिपिकासारखी: पत्र आले, शिक्का मारला, मग टेबलावर. माणसाने फसलेला निरोप पुन्हा पाठवायला सांगितले तर तो दोनदा पोचण्याचा संभव. प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक असतो, तो पाहून दुसरी प्रत बाजूला टाकता येते.

निरोप खरा ठरला की तक्रारवही त्यातला संदेश वाचते. वाचते म्हणजे अर्थ लावते असे नाही; अक्षरांचा एक ठरावीक साचा जुळतो का, एवढेच पाहते. गिटहबवर क्लोज, फिक्स, रिझॉल्व्ह ही तीन इंग्रजी क्रियापदे आणि त्यांची रूपे मिळून नऊ शब्द ठरलेले आहेत. त्यांपैकी एखाद्या शब्दामागे '#' हे चिन्ह आणि तक्रारीचा क्रमांक आला, आणि तो बदल भांडाराच्या मुख्य शाखेत दाखल झाला, की ती तक्रार आपोआप बंद होते. सोय मोठी आहे आणि गंमतही. कोणी प्रामाणिकपणे 'याने #४५ फिक्स होत नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिले, आणि त्यात 'फिक्स #४५' ही जोडी सलग आली, तर साचा जुळतो आणि पंचेचाळीसवी तक्रार बंद होते. 'नाही' हा शब्द यंत्राच्या साच्यातच नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे आपल्याकडे हा घोटाळा आणखी वाढला असता. पण हे साचे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा जाणत नाहीत.

या दोन वह्या एकाच छपराखाली असाव्यात असा नियम नाही. जँगो या प्रसिद्ध प्रकल्पाचे कोड २०१२ पासून गिटहबवर आहे, तक्रारवही मात्र ट्रॅक या जुन्या पद्धतीवर स्वतंत्र चालते. फायरफॉक्सच्या कोडचे मुख्य भांडार २०२५ मध्ये गिटहबवर गेले. त्याच्या तक्रारी १९९८ पासून चालत आलेल्या बगझिलातच राहिल्या. या बगझिलात फायरफॉक्सच्या मराठी भाषांतरासाठी वेगळा कप्पा आहे. एखाद्या शब्दाचे भाषांतर चुकले असे कोणा शिक्षकाला वाटले, तर तिथे नोंदवता येते, आणि त्या नोंदीलाही इतरांसारखाच क्रमांक मिळतो.

घर बदलताना

वेगळ्या छपरांखालच्या वह्या जोडण्याचे, आणि पुढे एका छपराखाली आणण्याचे, सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मला पायथॉन या संगणकभाषेचे वाटते. आज आपल्याकडेही अनेक विद्यार्थी पहिली भाषा म्हणून ती शिकतात. गिडो व्हान रॉसम यांनी तिचे काम १९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅमच्या त्याच सीडब्ल्यूआय संस्थेत असताना सुरू केले, आणि १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली.

पायथॉनच्या तक्रारी २००७ पासून राउंडअप नावाच्या पद्धतीवर चालणाऱ्या स्वतःच्या तक्रारवहीत नोंदल्या जात. कोड मर्क्युरिअल या पद्धतीने ठेवलेले होते. १० फेब्रुवारी २०१७ रोजी कोड गिटहबवर गेले, तक्रारवही जागच्या जागी राहिली. लगेच एक अडचण पुढे आली. गिटहब बदलाच्या प्रत्येक प्रस्तावाला आपला क्रमांक देते, तोही १ पासून. म्हणजे '#१२३४' म्हटले की राउंडअपमधली तक्रार की गिटहबवरचा प्रस्ताव? एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार असावेत तसा प्रकार. तोडगा साधा निघाला. तक्रारवहीच्या पत्त्याच्या आद्याक्षरांवरून 'बीपीओ' असा उपसर्ग ठरला, आणि तक्रारीचा उल्लेख नेहमी 'बीपीओ-१२३४' असाच करायचा, असा नियम झाला.

नियम केला तरी माणसे विसरतात. म्हणून एक छोटी आज्ञावली पहाऱ्यावर बसवली. पायथॉन हे नाव मॉन्टी पायथॉन या ब्रिटिश विनोदी नटसंचावरून आलेले, तेव्हा पहारेकऱ्याचे नावही त्यांच्या चित्रपटातल्या एका सरदाराचे: बेडेव्हिअर. कोणी बदलाचा प्रस्ताव मांडला की गिटहबकडून वेबहुकने बेडेव्हिअरला निरोप जाई. तो प्रस्तावाच्या शीर्षकात 'बीपीओ' आणि आकडा आहे का ते पाही. नसेल तर प्रस्तावावर लाल फुली. असेल तर हिरवी खूण, आणि प्रस्तावाच्या मजकुरात त्या तक्रारीचा दुवा तो स्वतः घाली. एखादे शुद्धलेखन सुधारायचे असेल तर दर वेळी तक्रार नोंदवायला लावणे जाचक. त्यासाठी 'क्रमांकाची गरज नाही' अशी चिठ्ठी लावण्याची मुभा होती, पण ती लावण्याचा अधिकार जबाबदार माणसांकडे. मला ही सवलत फार मोलाची वाटते. अपवादाची सोय नसलेल्या नियमाला माणसे खोटे क्रमांक टाकून उत्तर देतात, हे कोणत्याही कचेरीत पाहायला मिळते.

उलट दिशेचे काम, म्हणजे तक्रारीच्या पानावर तिच्याशी संबंधित प्रस्ताव कोणते आणि ते मंजूर झाले की नाही हे दाखवणे, यासाठी राउंडअपमध्ये भर घालावी लागली. तो भाग २०१६ साली 'गुगल समर ऑफ कोड' या उपक्रमात एका विद्यार्थ्याने केला होता.

पाच वर्षे ही दोन घरांची व्यवस्था चालली. मग, २०१९ मध्ये मान्य झालेल्या एका प्रस्तावानुसार, एप्रिल २०२२ मध्ये तक्रारवहीही गिटहबवर हलवण्यात आली. आता क्रमांकांचा प्रश्न उलट्या बाजूने आला. गिटहबवर तक्रारी आणि प्रस्ताव यांची क्रमांकमालिका एकच असते. सुरुवातीचे हजारो क्रमांक प्रस्तावांनी पाच वर्षांत व्यापून टाकले होते, त्यामुळे जुन्या तक्रारींना त्यांचे जुने क्रमांक देणे शक्यच नव्हते. प्रत्येक तक्रारीला नवा क्रमांक मिळाला, आणि नव्या बदलांच्या शीर्षकात 'बीपीओ' ऐवजी 'जीएच' हा उपसर्ग आला.

पण भांडारातल्या जुन्या नोंदींत 'बीपीओ' लिहिलेले होते, आणि नोंद मागाहून बदलता येत नाही हे आपण वर फळ्यावर पाहिलेच. वह्यांपैकी एक हलली, दुसरीतला आकडा दगडावर कोरलेला. अशा वेळी मधे एक तक्ता ठेवावा लागतो: जुना क्रमांक अमुक, नवा अमुक. पायथॉनच्या लोकांनी तो ठेवला. नव्या घरात प्रत्येक तक्रारीच्या मजकुरात तिचा जुना क्रमांक लिहिला. जुनी तक्रारवही पुसून न टाकता केवळ वाचण्यापुरती उघडी ठेवली. जुन्या क्रमांकाने विचारणा केली की ती नव्या पानाचा पत्ता दाखवते. पुनर्वसित गावात जुन्या गट क्रमांकाचा नव्याशी मेळ घालणारा तक्ता ज्यांनी शोधला असेल, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

या सगळ्या प्रवासातून गेलेला एक क्रमांक सांगतो: १६३५७४१. सात अंकी आहे, कारण २००७ पूर्वी पायथॉनच्या तक्रारी सोर्सफोर्ज या संस्थळावर असत आणि तिथे सर्व प्रकल्पांना मिळून एकच मालिका होती. राउंडअपवर येताना हे लांबलचक क्रमांक जसेच्या तसे आणले गेले. तक्रार जानेवारी २००७ ची आहे: पायथॉनचे काम संपले तरी त्याने घेतलेली सगळी स्मृती परत केली जात नाही, अशा आशयाची. तेव्हा कोड सबव्हर्जन नावाच्या तिसऱ्याच पद्धतीत होते. दुरुस्ती एका ओळीची नव्हती. पायथॉनच्या अनेक घटकांची जुळणी एकेक करून बदलावी लागणार होती. तक्रार तेरा वर्षांची झाली तरी काम सुरूच होते, आणि २०२० च्या सुमारासच्या नोंदींत डझनावारी बदलांच्या शीर्षकाशी 'बीपीओ-१६३५७४१' लिहिलेले दिसते. तक्रारवहीची तीन घरे आणि कोड ठेवण्याच्या तीन पद्धती या क्रमांकाने पाहिल्या. आजही कोणी विद्यार्थी पायथॉनच्या भांडारात त्या काळची एखादी ओळ उघडून ती कोणी आणि का बदलली असे विचारू लागला, तर त्या आकड्यावरून जुन्या वहीतल्या पानावर आणि तिथून नव्या पानावर तो पोचतो, आणि २००७ साली त्या माणसाने काय लिहिले होते ते त्याच्याच शब्दांत वाचता येते.